कॉलऱ्याच्या जंतूवरची साखर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकातल्या कॉलऱ्यावरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत पटकीवरच्या, लेखात एक वाक्य होते: 'या जंतूच्या बाहेरच्या पटलावर साखरेच्या साखळ्या असतात आणि आपले शरीर त्याला त्यांच्यावरूनच ओळखते.' या एका वाक्यावर इतके प्रश्न आले, की हे सदर पूर्ण त्यांनाच द्यावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. या साखळीलाच 'ओ-साखळी' म्हणतात; तिच्यावरून जंतूचे ओ१, ओ१३९ असे क्रमांकाचे गट पडतात, आणि ओगावा व इनाबा हे ओ१चे प्रकार.

पुस्तकात ओ१ कॉलरा जंतूची ओ-साखळी 'पेरोसामीनचा होमोपॉलिमर' म्हणून दिली आहे. सगळ्या कड्या सारख्याच, तर ओगावा आणि इनाबा असे दोन प्रकार कशावरून पडतात?
(पदव्युत्तर विद्यार्थिनी, सांगली)

फरक फक्त शेवटच्या कडीत आहे, आणि तोही एका मिथिल गटाचा.

आधी एक कडी नीट पाहू. मॅनोज घ्या. त्याच्या सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढा, चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल काढून तिथे अमिनो गट बसवा. झाले डी-पेरोसामीन, पूर्ण नाव ४-अमिनो-४,६-डायडिऑक्सी-डी-मॅनोज. कॉलऱ्याच्या जंतूत हा अमिनो गट मोकळा नसतो. त्याला अमाइड बंधाने चार कार्बनचे एक छोटे आम्ल जोडलेले असते: ३-डिऑक्सी-एल-ग्लिसेरो-टेट्रॉनिक आम्ल. रसायनाच्या कॅटलॉगमध्ये तेच २,४-डायहायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल म्हणून सापडेल. त्याचे एस रूप घ्यायचे. असे आम्ल लागलेल्या एका कडीचे वस्तुमान २४७ डाल्टन भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अशा साधारण १२ ते १८ कड्या अल्फा-१→२ बंधाने एकापुढे एक जोडलेल्या असतात. प्रत्येक कडीचा पहिला कार्बन आतल्या, म्हणजे जंतूच्या बाजूच्या, कडीच्या दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला धरतो. त्यामुळे साखळीतल्या प्रत्येक कडीची दुसऱ्या कार्बनवरची जागा बाहेरच्या कडीने अडवलेली असते. अपवाद एकच, सर्वांत बाहेरची कडी. तिच्या पुढे कोणी नाही, म्हणून तिचा तो हायड्रॉक्सिल मोकळा. ओगावा प्रकारात नेमक्या याच जागी मिथिल गट बसतो, इनाबात जागा मोकळीच राहते. मिथिल इतर कड्यांवर का नाही, याचे उत्तर या बंधातच आहे: तिथे बसायला जागाच उरत नाही.

मिथिल बसला की साखळी तिथे वाढायची थांबत असणार, असा तर्क पुष्कळ विद्यार्थी करतात. तर्क वाईट नाही, पण इनाबात मिथिल नसूनही साखळीची लांबी साधारण तेवढीच असते. तेव्हा लांबी ठरवण्याचे काम या मिथिलकडे दिसत नाही.

मिथिल बसवणारे विकर (एन्झाइम) डब्ल्यूबीईटी या जनुकातून तयार होते. जुन्या लेखांत त्याचे नाव आरएफबीटी. हे जनुक कुठेही बिघडले, म्हणजे एखादे अक्षर गळले, मध्ये दुसरा डीएनएचा तुकडा घुसला किंवा चुकीच्या जागी अमिनो आम्ल बदलले, की ओगावाचा इनाबा होतो. उलटा प्रवास अवघड, कारण त्यासाठी झालेला बिघाड नेमका दुरुस्त व्हावा लागतो. विकर अर्धवट चालत असेल तर एकाच जंतूवर काही साखळ्या मिथिलच्या आणि काही बिनमिथिलच्या दिसतात. तो हिकोजिमा हा तिसरा प्रकार, निसर्गात क्वचित सापडतो आणि टिकत नाही.

एवढ्याशा मिथिलने प्रतिपिंडाला काय फरक पडतो, हे २००० साली स्पष्ट दिसले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील (एनआयएच) संशोधकांनी ओगावाविरुद्धच्या एका प्रतिपिंडाची, त्यात अडकलेल्या साखरेसकट, स्फटिकरचना काढली. शेवटची कडी प्रतिपिंडाच्या खोबणीत शिरते आणि मिथिल गट पाणी टाळणाऱ्या एका छोट्या कप्प्यात चपखल बसतो. पकडीचा मोठा वाटा या एकाच कडीचा आहे. इनाबाची कडी तिथे आली तर कप्पा रिकामा राहतो आणि पकड सुटते.

जुन्या पुस्तकांतले ए, बी, सी हे प्रतिजन घटक आता या रचनेवर ठेवून पाहा. 'बी' म्हणजे मिथिल असलेले टोक, तो ओगावाचा. 'ए' दोघांत समान. 'सी' इनाबात ठळक, ओगावात थोडा. हिकोजिमात तिन्ही. परीक्षेत तक्ता पाठ करण्यापेक्षा शेवटची कडी काढून दाखवा, तक्ता आपोआप येतो.

ओ१ जंतूपासून एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड: पटलात रुतलेले लिपिड-ए, त्यावर साखरेचा गाभा, त्यापुढे ओ-साखळी) काढून ओ-साखळीची रचना स्वतः तपासायची आहे. फिनॉल-पाणी पद्धत वापरली, पण सिल्व्हर स्टेनमध्ये (जेल चांदीने रंगवण्याच्या चाचणीत) साखळी दिसत नाही, फिनॉल-सल्फ्युरिक चाचणी फिकट येते आणि केडीओ (गाभ्याला लिपिड-एशी जोडणारी साखर) तर शून्य. नमुनाच वाया गेला का?
(संशोधन साहाय्यक, पुणे)

नमुना बहुधा ठीक आहे. तुम्ही निवडलेल्या तिन्ही चाचण्या याच जंतूच्या रसायनापुढे हात टेकतात.

सिल्व्हर स्टेनची पहिली पायरी पेरआयोडेटची. पेरआयोडेट शेजारीशेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल शोधून त्यांच्यामधला कार्बन-कार्बन बंध तोडतो, आणि त्यातून तयार झालेल्या अल्डिहाइडवर चांदी बसते. आता ओ१ची आतली कडी पाहा. दुसऱ्या कार्बनवर पुढची कडी, चौथ्यावर अमाइड, सहाव्यावर ऑक्सिजनच नाही. मोकळा हायड्रॉक्सिल उरतो फक्त तिसऱ्या कार्बनवर, आणि एकट्या हायड्रॉक्सिलचे पेरआयोडेट काही करू शकत नाही. टेट्रॉनिक आम्लाचे दोन हायड्रॉक्सिलही शेजारी नाहीत. ओगावाच्या टोकाला मिथिलमुळे तेही दार बंद. इनाबाच्या टोकाला मात्र दुसरा आणि तिसरा हायड्रॉक्सिल शेजारी आहेत, तिथेच तेवढी तोडफोड होते. म्हणून जेलमध्ये खालचा गाभा आणि लिपिड-ए रंगतात, साखळी फिकी राहते. साखळी पाहायचीच असेल तर जेल पडद्यावर उतरवून ओ१ अँटिसीरमने इम्युनोब्लॉट करा.

फिनॉल-सल्फ्युरिक चाचणी साध्या हेक्सोजसाठी चांगली. ४-अमिनो-६-डिऑक्सी साखर तीत नीट रंग देत नाही, म्हणून ग्लुकोजच्या प्रमाणरेषेवरून काढलेले वजन फार कमी येते. त्यापेक्षा फ्रीझ-ड्राय करून सरळ वजन घ्या.

केडीओची गोष्ट जुनी आहे. कॉलऱ्याच्या जंतूत केडीओ नाहीच, असे बराच काळ छापले जात होते. केडीओ आहे, पण एकच, आणि त्याच्या चौथ्या जागी फॉस्फेट. थायोबार्बिट्युरिक चाचणीला नेमकी तीच जागा मोकळी लागते. थंड तापमानात ४८ टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्लाने फॉस्फेट काढले की केडीओ सापडतो. हे आम्ल काच खाते आणि कातडीतून हाडापर्यंत जाते. पॉलिप्रॉपिलीनची नळी, चालू फ्युम हूड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर या वाटेला जाऊ नका. चाचणीवाचून तुमचे काम अडत नाही.

आता पद्धत. जंतू आधी मारून, धुऊन सुकवलेले असावेत. १ ग्रॅम सुक्या पेशी २० मिलि पाण्यात ६५ ते ६८ अंशांवर चांगल्या ढवळा. त्यात तेवढ्याच तापमानाला आणलेले ९० टक्के फिनॉल २० मिलि घाला आणि १५ मिनिटे जोरात ढवळत राहा. मग बर्फात १० अंशांपर्यंत गार करून सेंट्रिफ्यूज करा. वरचा पाण्याचा थर काढून घ्या, खालच्यात तेवढेच गरम पाणी घालून पुन्हा एकदा काढा. एलपीएस सहसा पाण्यात येते. तरी फिनॉलचा थर पहिल्या दिवशीच ओतून देऊ नका. पेरोसामीनच्या साखळ्या असलेल्या ब्रुसेलाचे, म्हणजे गुरांकडून माणसाला लागणाऱ्या एका जंतूचे, एलपीएस फिनॉलमध्ये जाते हे प्रसिद्ध आहे. तुमच्या जंतूचे कुठे गेले ते दोन्ही थर डायलिसिसला लावून इम्युनोब्लॉटवर पाहिल्याशिवाय कळत नाही.

डायलिसिस फिनॉलचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन ते चार दिवस, पाणी बदलत करा. पाण्याच्या थरात एलपीएसच्या बरोबरीने ढीगभर आरएनए असतो. २६० नॅनोमीटरला वाचन घेतलेत की तो दिसेल. आरनेझ आणि डीएनेझ, नंतर प्रोटीनेझ-के, या क्रमाने विकरे द्या. क्रम उलटा केलात तर प्रोटीनेझ पुढची विकरेच खाऊन टाकते. शेवटी १,००,००० जी वर ३ ते ४ तास अल्ट्रासेंट्रिफ्यूज. तळाशी काचेसारखा पारदर्शक गोळा बसतो, तो एलपीएस. गोळा पांढरा किंवा पिवळट असेल तर विकरांची पायरी अपुरी राहिली. १ ग्रॅम सुक्या पेशींतून दहा-वीस मिलिग्रॅम हाती लागले तर तक्रार करू नये.

ओ-साखळी सुटी करायला १ टक्का अॅसेटिक आम्लात १०० अंशांवर तापवा. यात केडीओचा बंध तुटून लिपिड-ए गढूळ होऊन खाली बसते. एका तासाने पाहा. गढूळपणा नीट आला नसेल तर आणखी वेळ द्या, पण तीन तासांपलीकडे जाऊ नका. गार करून सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे द्रावण सेफाडेक्स जी-५० वरून चालवा. या साखळीवर २६० किंवा २८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा कुठलाच गट नाही, म्हणून तिथे लावलेल्या यूव्ही डिटेक्टरवर रेषा सपाट येते. अपवर्तनांक मोजणारा डिटेक्टर लावा. तिथे यूव्हीवर जो डोंगर दिसेल तो राहिलेल्या आरएनएचा किंवा प्रथिनाचा.

रचनेसाठी एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुनादाने अणूंच्या जागा वाचणे. जड पाण्यात दोनतीनदा फ्रीझ-ड्राय करून मगच नळीत भरा. तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवा. नाहीतर पाण्याचा शिखर ४.८ पीपीएमला बसून अॅनोमेरिक भाग (कड्यांच्या पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनची शिखरे) झाकतो. सहाव्या कार्बनवरचे मिथिल १.१ ते १.३ पीपीएमला येतात, ओगावाचा ओ-मिथिल ३.४ ते ३.५ च्या दरम्यान. या दोन शिखरांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर म्हणजे सरासरी साखळीची लांबी, कारण प्रत्येक कडीवर सहाव्या कार्बनचा एक मिथिल असतो आणि अख्ख्या साखळीवर ओ-मिथिल फक्त एक. गुणोत्तर १५ आले तर १५ कड्या. पण काचसामान इथनॉलने धुतले असेल तर त्याचा मिथिल १.१७ ला येतो आणि तुमची साखळी फुकट लांब होते. मिथनॉल ३.३४ ला, तोही त्रासदायक शेजारी.

बंध अल्फा की बीटा, हे हायड्रोजन-हायड्रोजन कपलिंगवरून ठरवू नका. मॅनोजच्या घडणीत पहिल्या-दुसऱ्या कार्बनवरचे कपलिंग दोन्हीकडे लहानच असते. कार्बन-हायड्रोजन थेट कपलिंग मोजा: १७० हर्ट्झच्या आसपास असेल तर अल्फा, १६० च्या आसपास असेल तर बीटा.

घटक साखर म्हणून पेरोसामीन जीसी-एमएसवर (वायुरूपात वेगळे करून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) दाखवायची असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. कडक आम्लात अमाइड तुटतो, मोकळा झालेला चौथ्या जागेवरचा अमिनो गट साखरेच्याच पहिल्या कार्बनवर जाऊन नायट्रोजनचे वलय करतो आणि त्यातला काही भाग पुढे नासतो. शिखर लहान दिसले म्हणजे साखर कमी होती, असे नव्हे. सुटे झालेले टेट्रॉनिक आम्लही आम्लात लॅक्टोन बनून बसते, शोधताना तो धरून चला. मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध असेल तर आमचे मत त्याच्याच बाजूने: शिखरे २४७ च्या पायऱ्यांनी येतात, आणि एकाच लांबीच्या ओगावा-इनाबा साखळ्यांत १४ चा फरक दिसतो.

एकाच तालुक्यातल्या साथीत जूनमध्ये ओगावा आणि ऑगस्टमध्ये इनाबा मिळाला. बाहेरून नवा जंतू आला, असा अहवाल द्यावा का? काही नमुने तर नुसत्या सलाइनमध्येही गुठळी धरतात.
(जिल्हा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ)

एवढ्यावरून नवा जंतू आल्याचे लिहू नका. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ओगावाचा इनाबा व्हायला एका जनुकातला बिघाड पुरतो, आणि लोकांच्या अंगात ओगावाविरुद्ध प्रतिपिंडे वाढली की असा बदललेला जंतू निसटतो. एका साथीत प्रकार बदलणे ही या जंतूची जुनी सवय आहे. दोन्ही काळांतले नमुने जपून ठेवा आणि संदर्भ प्रयोगशाळेकडे जनुकक्रमासाठी पाठवा. बाकी सगळा जिनोम जुळला आणि फक्त डब्ल्यूबीईटी बिघडलेले निघाले तर तोच जंतू, फक्त मिथिल गमावलेला. अहवालात मात्र दोन्ही प्रकार तारखेसह लिहाच.

आता सलाइनमधली गुठळी. स्लाइडवर आधी सलाइनचा थेंब, त्यात जंतू; एका मिनिटात गुठळी झाली तर त्या नमुन्यावर पुढे प्रकार ओळखणारे कुठलेही सीरम (प्रतिपिंडांचे द्रावण) टाकण्यात अर्थ नाही. असा जंतू 'रफ' असतो, म्हणजे त्याची ओ-साखळीच गळलेली असते. साखळी पाणी धरते आणि जंतूंना एकमेकांपासून दूर ठेवते. ती गेली की ते आपसांतच चिकटतात. असे जंतू तयार होण्यामागे बऱ्याचदा विषाणू असतो. आयसीपी१ नावाचा जंतुभक्षी विषाणू ओ१ची हीच साखळी धरून आत शिरतो. बांगलादेशातल्या नमुन्यांच्या अभ्यासात २०१२ साली दिसले, की साखळी बनवणाऱ्या दोन जनुकांत 'ए' अक्षराची लांब रांग आहे आणि तिथे एखादे अक्षर कमीजास्त होऊन साखळी बंद पडते. विषाणूपासून सुटका होते, पण असा जंतू आतड्यात नीट तग धरत नाही. तुमच्याकडे मात्र रफ नमुने जास्त येत असतील तर पहिला संशय जुन्या, पुन्हापुन्हा उतरवलेल्या वाढींवर घ्या. मूळ नमुन्यातून ताजी वाढ घ्या आणि गुळगुळीत, एकटी वसाहत निवडा.

स्लाइड चाचणी टीसीबीएस या कॉलऱ्याचा जंतू निवडून वाढवणाऱ्या माध्यमावरून सरळ करू नये. तिथली पिवळी वसाहत चिकट असते आणि निकाल फसवा येतो. न्यूट्रिएंट अगारवर ३७ अंशांना रात्रभर वाढवून मग पॉलिव्हॅलंट (दोन्ही प्रकारांना धरणारे) ओ१ सीरम लावा. गुठळी झाली तरच ओगावा आणि इनाबाची स्वतंत्र सीरम. ही सीरम दुसऱ्या प्रकारच्या जंतूंवर शोषून तयार केलेली असतात, कारण 'ए' घटक दोघांत समान आहे. शोषण अर्धवट राहिले किंवा बाटली जुनी झाली की दोन्ही थेंबांत गुठळी दिसते आणि अहवालात 'हिकोजिमा' उमटतो. तो शब्द लिहिण्याआधी माहितीचे एक ओगावा आणि एक इनाबा त्याच बाटलीने तपासा. बहुतेक हिकोजिमा तिथेच विरून जातात.

पॉलिमिक्सिन-बी या प्रतिजैविकाची ५० युनिटची चकती लावून क्लासिकल आणि एल टॉर हे ओ१चे दोन उपप्रकार वेगळे करतात. यात साखरेचा काय संबंध?
(वाचक, नागपूर)

ओ-साखळीचा नाही, तिच्या मुळाशी असलेल्या लिपिड-एचा. पॉलिमिक्सिनवर धन प्रभार असतो आणि लिपिड-एवर ऋण, म्हणून ते चिकटते. एल टॉर आपल्या लिपिड-एवर ग्लायसीन हे अमिनो आम्ल चढवतो, त्याने ऋण प्रभार झाकला जातो आणि औषध टिकत नाही. हे काम एएलएम नावाच्या जनुकगटाचे; क्लासिकलमध्ये त्यातले एक जनुक मोडके आहे, म्हणून तो मरतो. चकतीवर आंधळा विश्वास मात्र आता नको. कोलकात्यात गेल्या काही वर्षांत पॉलिमिक्सिनने मरणारे एल टॉरही मिळाले आहेत.

एका रुग्णाची ब्रुसेला चाचणी पॉझिटिव्ह आली. ना गुरे, ना कच्चे दूध. महिनाभरापूर्वी त्याला कॉलरा झाला होता. संबंध असू शकतो का?
(पॅथॉलॉजी लॅबचालक, सोलापूर)

असू शकतो, आणि कारण पेरोसामीनच. ब्रुसेलाची ओ-साखळीही पेरोसामीनचीच, तीही मुख्यतः अल्फा-१→२ बंधाची. फक्त अमिनो गटावर टेट्रॉनिक आम्लाऐवजी फॉर्मिल गट. साखळीचा कणा तोच असल्यामुळे एकाविरुद्धची काही प्रतिपिंडे दुसऱ्यालाही धरतात. कॉलऱ्याची लस टोचून देत असत त्या काळापासून हा गोंधळ माहीत आहे. येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:९ तर याहून वाईट, तिच्यात फॉर्मिल गटासकट तीच साखळी. ई. कोलाय ओ१५७ च्या साखळीतही पेरोसामीन आहे, तिथे अॅसिटिल गट.

दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या अँटिजेनने चालवा. टायटर (प्रतिपिंडांची पातळी) चौपट चढला तर ब्रुसेला धरून चला, उतरत असेल तर जुन्या कॉलऱ्याची सावली. ताप असेल तर रक्ताचे कल्चर लावा आणि लॅबला 'ब्रुसेलाचा संशय' असे ठळक लिहून कळवा. हा जंतू हवेतून प्रयोगशाळेतल्या माणसांना लागतो.

१९९२ मध्ये मद्रासला सापडलेल्या ओ१३९ वर जुन्या लशी का चालल्या नाहीत? जंतू तर एल टॉरचाच भाऊबंद म्हणतात.
(निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, रत्नागिरी)

भाऊबंदच. एल टॉरने साखळी बनवणारा सुमारे २२ हजार अक्षरांचा जनुकपट्टा टाकून त्या जागी सुमारे ३५ हजारांचा दुसराच घेतला. विष तेच, जुलाब तेच, पण अंगावरची साखर पार बदलली. ओ१३९ मध्ये पेरोसामीन नाही. सहा साखरांचा एक गट आहे: दोन कोलिटोज, एक गॅलॅक्टोज, एक गॅलॅक्टुरोनिक आम्ल, एक एन-अॅसिटिल ग्लुकोसामीन आणि एक एन-अॅसिटिल क्विनोव्होसामीन. गॅलॅक्टोजवर चौथ्या आणि सहाव्या जागांना धरणारे वलयी फॉस्फेट, हे त्याचे वैशिष्ट्य. एलपीएसवर हा गट एकदाच येतो. तोच पुन्हापुन्हा जोडून जंतू वर एक कॅप्सूलही बनवतो, म्हणून वसाहत अपारदर्शक दिसते.

ओ१विरुद्धची प्रतिपिंडे पेरोसामीन शोधतात, इथे त्यांना काहीच मिळत नाही. म्हणूनच कॉलरा नेहमीचा असलेल्या बंगालमध्येही त्या वेळी मोठी माणसे मुलांइतकीच आजारी पडली. तेव्हा १३८ गट माहीत होते. एकाही सीरमला दाद देईना, म्हणून नवा क्रमांक द्यावा लागला. प्रयोगशाळेत यावर काम करणाऱ्यांना एकच सूचना: कोलिटोजच्या तिसऱ्या जागेवर ऑक्सिजन नसल्याने तिचा बंध आम्लात पटकन तुटतो. नेहमीच्या कडक हायड्रोलिसिसने ती सर्वांत आधी सुटते आणि सर्वांत आधी नासते.

हिकोजिमा क्वचित सापडतो म्हणता, मग नव्या भारतीय लशीत तोच का घेतला? आणि साखर प्रथिनाला जोडलेली टोचायची लस कुठवर आली?
(औषधनिर्माण शास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर)

तोंडाने घ्यायच्या मृत जंतूंच्या लशीत कामाचा मुख्य माल म्हणजे ही साखळीच. शांता या कंपनीची, आता उत्पादन थांबलेली शँकोल ही लस पाहा: ओगावा आणि इनाबा, क्लासिकल आणि एल टॉर, काही उष्णतेने तर काही फॉर्मलिनने मारलेले, शिवाय ओ१३९. पाच घटक मिळून एका १.५ मिलि डोसमध्ये एलपीएसचे २,१०० एलायझा युनिट (प्रतिपिंडांनी मोजलेले प्रमाण). प्रत्येक घटक वेगळा वाढवायचा, वेगळा मारायचा, वेगळा मोजायचा आणि मग मिसळायचा. ही कसरत महागात पडते. ओ१३९ आता जवळजवळ नाहीसा झाला आहे, त्याचा भार वाहण्यात अर्थ उरला नाही. कोरियाच्या युव्हिकॉल-एसमध्ये घटक कमी केले ते त्यामुळेच. २०२४ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

भारत बायोटेकची हिलकॉल, तीही २०२४ चीच, आणखी पुढे गेली. तिच्यात जंतू एकच, पण मुद्दाम घडवलेला हिकोजिमा: मिथिल बसवणारे विकर अर्धेच चालेल असा बदल केलेला, म्हणजे साधारण निम्म्या साखळ्या ओगावाच्या आणि निम्म्या इनाबाच्या. निसर्गातला हिकोजिमा टिकत नाही, हा टिकतो. उत्पादनात नजर ठेवायची ती या प्रमाणावर. प्रत्येक घाण्यात ओगावा आणि इनाबा दोन्ही एकप्रकारी (मोनोक्लोनल) प्रतिपिंडांनी मोजावे लागतात. नुसता एकूण एलपीएसचा आकडा बरोबर आला म्हणून भागत नाही.

दोन्ही टोके का हवीत? बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातल्या नोंदींत दिसते, की इनाबाने आजारी पडलेल्यांना पुढे दोन्ही प्रकारांपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, ओगावाच्या रुग्णांना इनाबापासून तेवढे मिळत नाही. मिथिलवर बेतलेली प्रतिपिंडे मिथिल नसताना उपयोगी पडत नाहीत, त्याचाच हा परिणाम. आणि ही प्रतिपिंडे करतात काय, तर जंतूची हालचाल थांबवतात. कॉलऱ्याच्या जंतूच्या शेपटीवर बाह्यपटलाचेच आवरण असते आणि त्यावरही हीच साखळी. प्रतिपिंड बसले की शेपटी जखडते आणि जंतू आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहत जाऊ शकत नाही.

टोचायच्या जोड-लशीचे मुख्य कारण पाच वर्षांखालची मुले. नुसत्या साखरेला त्यांचे शरीर नीट प्रतिसाद देत नाही. साखर प्रथिनाला जोडली की टी-पेशी मदतीला येतात. जोडणीत अडचण अशी, की अनेक लशींत वापरतात ती पेरआयोडेटची वाट इथे बंद: आतल्या कड्यांवर ते चालत नाही आणि इनाबाच्या टोकाची मात्र मोडतोड करते, म्हणजे जे दाखवायचे तेच खराब. म्हणून बोस्टनमधील संशोधक आणि एनआयएचचे रसायनशास्त्रज्ञ यांनी स्क्वॅरिक आम्लाचा डायमिथिल एस्टर वापरला. अॅसेटिक आम्लाने सुटी केलेली साखळी गाभ्यासकट घ्यायची आणि गाभ्यातल्या मोकळ्या अमिनो गटाला पीएच ७ च्या आसपास स्क्वॅरेट जोडायचे. मग पीएच ९ च्या बोरेट बफरमध्ये त्याचे दुसरे टोक टिटॅनस टॉक्सॉइडच्या तुकड्यावरील लायसिनला. पहिल्या पायरीत पीएच वर सरकला तर स्क्वॅरेटची दोन्ही टोके साखळ्यांनाच लागतात आणि प्रथिनाला काही उरत नाही, एवढे सांभाळायचे. पीएच मीटर त्या दिवशी ताज्या बफरवर लावून घ्या. जोडणी आतल्या टोकाने होते, त्यामुळे पेरोसामीनचे बाहेरचे टोक, मिथिल असो वा नसो, जंतूवर असते तसेच बाहेर उघडे राहते.